माफी मिळाली होती तरी खोटं बोलला: टिम मेप्सचं प्रकरण

३१ मार्च २०२१ ला शिकागोच्या फेडरल कोर्टात ग्रँड ज्युरीसमोर, म्हणजे खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळासमोर, टिम मेप्स नावाचा माणूस साक्षीला बसला, एका बड्या राजकारण्याचा जुना पीए म्हणा, आणि चौकशी होती त्या साहेबाच्या भ्रष्टाचाराची. बसताना त्याच्याजवळ कोर्टाचा एक आदेश होता, की तू इथे जे सांगशील ते तुझ्याविरुद्ध वापरलं जाणार नाही, अट एकच, खरं बोल. आपल्याकडे भ्रष्टाचाराच्या केसमधे अडकलेल्या पीएला, क्लार्कला, ड्रायव्हरला असं काही सहजासहजी मिळत नाही. मेप्सवर लाच घेतल्याचा आरोप नव्हता, कटाचाही नव्हता, आणि पुढेही तो कधी ठेवला गेला नाही. म्हणजे खरं बोलून तो त्याच दुपारी घरी गेला असता आणि विषय संपला असता. तो खोटं बोलला. १२ फेब्रुवारी २०२४ ला त्याला ३० महिन्यांची शिक्षा झाली, ती फक्त आणि फक्त खोटं बोलल्याबद्दल.

हे प्रकरण नागपुरात बसून लिहावंसं वाटलं कारण डिसेंबरात अधिवेशन लागलं की सिव्हिल लाइन्समधे मेप्ससारखी माणसं ढिगानं दिसतात. रवी भवनच्या कॉटेजबाहेर, आमदार निवासाच्या पायऱ्यांवर, एका हातात फाइल, दुसऱ्या हातात दोन फोन, साहेबांना कोण भेटणार कोण नाही भेटणार, कोणाचं पत्र वर ठेवायचं कोणाचं खाली दाबायचं, कोणाला "साहेब मीटिंगमधे आहेत" सांगायचं, सगळं यांच्या हातात. वाईट माणसं नसतात ही, उलट बरीचशी कष्टाळू असतात, साहेब झोपल्यावर झोपतात आणि साहेब उठायच्या आधी उठतात. आणि चौकशी लागली की पहिली नोटीस यांनाच येते. त्या क्षणी डोक्यात जे सुरू होतं, की साहेबांचं मीठ खाल्लंय, आता तोंड उघडलं तर लोक काय म्हणतील, तेच मेप्सच्या डोक्यात झालं असणार असं मला वाटतं, आणि म्हणून त्याची गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे.

आधी साहेब कोण ते. माइकल मॅडिगन, इलिनॉय राज्याच्या विधानसभेचा स्पीकर. आपल्याकडे विधानसभा अध्यक्ष म्हटलं की खुर्चीवर बसून "बसा, बसा" म्हणणारा माणूस डोळ्यासमोर येतो, तिकडे तसं नाही, तिकडचा स्पीकर म्हणजे सभागृहातला बहुमताचा नेताच, कोणतं बिल पुढे जाणार आणि कोणतं कमिटीत कुजणार हे तो ठरवतो. मॅडिगन १९७१ पासून आमदार, १९८३ मधे स्पीकर झाला आणि मधली दोन वर्षं सोडली तर २०२१ च्या जानेवारीपर्यंत त्याच खुर्चीवर. एकूण ३६ वर्षं. अमेरिकेच्या इतिहासात कुठल्याच राज्यात विधिमंडळाचा नेता इतका काळ टिकलेला नाही. वर पक्षाचा प्रदेशाध्यक्षही तोच, १९९८ पासून. गव्हर्नर, म्हणजे तिकडचे मुख्यमंत्रीच, आले आणि गेले, काही तर तुरुंगात गेले, हा हलला नाही.

आणि मेप्स १९९२ पासून या माणसाचा चीफ ऑफ स्टाफ, म्हणजे त्याच्या ऑफिसचा प्रमुख. नुसता चीफ ऑफ स्टाफ नाही, विधानसभेचा क्लार्क पण तोच, म्हणजे आपल्याकडच्या विधिमंडळ सचिवासारखं पद, आणि पक्षाचा कार्यकारी संचालक पण तोच. तीन टोप्या एकाच डोक्यावर. इथेच खरी गडबड आहे, कारण यातल्या दोन पदांचा पगार जनतेच्या तिजोरीतून येत होता आणि तिसरं पद पक्षाचं, पण तिन्ही ठिकाणी काम मात्र एकाच माणसाचं. पंचवीस वर्षं एकाच साहेबाकडे गेली की माणसाला आपण नेमकी कोणाची नोकरी करतोय हे कळेनासं होतं.

तिसरा माणूस माइक मक्लेन. मॅडिगनचा जुना दोस्त, एकेकाळी त्याच्यासोबतच आमदार, नंतर लॉबिस्ट, म्हणजे कंपन्यांना हवे ते कायदे व्हावेत म्हणून पैसे घेऊन आमदारांकडे खटपट करणारा. त्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक कॉमनवेल्थ एडिसन, लोक कॉमेड म्हणतात. आपली महावितरण तशी ही शिकागो आणि उत्तर इलिनॉयला वीज देणारी कंपनी, फक्त खाजगी. तिला विधानसभेतून कायदे हवे होते, २०११ चा स्मार्ट ग्रिडचा, म्हणजे विजेचं जाळं आधुनिक करायचा कायदा त्यातलाच, ज्यामुळे सुधारणांचा खर्च ग्राहकांच्या बिलातून वसूल करायची सोय झाली. (स्मार्ट मीटरवरून २०२४ मधे आपल्याकडे लोक किती चिडले होते आठवा, म्हणजे बिलाचा विषय किती पेटणारा असतो ते कळेल.) मग कंपनीनं काय केलं, तर मॅडिगनच्या माणसांना नोकऱ्या, कॉन्ट्रॅक्ट, सल्लागाराचे पैसे, आणि त्यातले बरेच जण काम जवळजवळ काहीच करत नव्हते. २०११ ते २०१९ या काळात असे १३ लाख डॉलर वाटले हे कंपनीनं २०२० च्या जुलैमधे स्वतः कबूल केलं आणि २० कोटी डॉलरचा दंड भरला. ही सगळी देवाणघेवाण मक्लेनच्या हातून व्हायची. फोनवर तो मॅडिगनचं नाव घ्यायचा नाही, "आपला मित्र" म्हणायचा. २०१६ मधे लॉबिंगमधून रिटायर होताना त्यानं मॅडिगनला पत्र लिहिलं होतं, त्यात मी शेवटपर्यंत मॅडिगन कुटुंबासाठी बंदूक घेऊन पुलावर उभा राहीन अशा अर्थाचं वाक्य आहे. साठी उलटलेला, शिकलेला, वकील असलेला माणूस दुसऱ्या माणसाला हे लिहितो. ते पत्र पुढे कोर्टात पुरावा म्हणून वाचलं गेलं.

एफबीआयनं मक्लेनचा फोन टॅप केला होता. २०१८ आणि २०१९ मधले शेकडो कॉल रेकॉर्ड झाले, त्यात मेप्ससोबतचे कॉल पण आले. २०१९ च्या मे महिन्यात मक्लेनच्या घरावर छापा पडला, पेपरमधे आलं. २०२० च्या जुलैमधे कंपनीची कबुली, नोव्हेंबरमधे मक्लेनवर आरोप. आता तारखा लावून बघा. मेप्स साक्षीला बसला मार्च २०२१ मधे. तोवर गावातल्या शेंबड्या पोराला पण माहीत झालं होतं की सरकारकडे टेप आहेत. मेप्सला माहीत नसेल हे अशक्य.

त्याला विचारलं काय होतं? सार एवढंच की २०१७ ते २०१९ दरम्यान मक्लेन हा मॅडिगनच्या वतीनं काही कामं करत होता का, निरोप पोचवत होता का, त्याबद्दल तुला काही सांगितलं होतं का. उत्तरं कशी आली, तर आठवत नाही, माहीत नाही, असं काही बोलणं झाल्याचं लक्षात नाही. पुन्हा विचारलं, वेगळ्या शब्दात विचारलं, तेच. तिकडे ग्रँड ज्युरीच्या खोलीत साक्षीदाराचा वकील आत येऊ शकत नाही, पण साक्षीदार उठून बाहेर जाऊन वकिलाला विचारून परत येऊ शकतो, म्हणजे विचार करायला वेळ नव्हता असंही नाही. माफीचा आदेश खोटं बोलण्याला लागू होत नाही हेही त्याला माहीत होतं.

खटला उभा राहिला २०२३ च्या ऑगस्टमधे. बचाव असा होता की माणूस आहे, विसरला, दोनतीन वर्षं जुने फोन, दिवसाला डझनावारी कॉल, आणि सरकारनं टेप ऐकवून आठवण का करून दिली नाही, मुद्दाम सापळा लावला. हा युक्तिवाद अगदीच फालतू नाही, मला तो वाचताना दोन मिनिटं पटला पण, कारण स्मरणशक्ती खरंच दगा देते आणि "आठवत नाही" ला खोटं ठरवणं कायद्यात अवघड असतं. पण मग सरकारी वकिलांनी एकेक टेप लावली, ज्यात मक्लेन मॅडिगननं दिलेल्या कामाबद्दल बोलतोय आणि हा तिकडून नीट समजून उत्तर देतोय. आणि ज्यांनी त्याच्यासोबत वर्षानुवर्षं काम केलं होतं त्यांना उभं करून विचारलं, मेप्स कामाला कसा होता? तर सगळे म्हणाले बारीक बारीक गोष्टीवर लक्ष, काही विसरायचा नाही. पंचवीस वर्षं ज्या गुणावर नोकरी टिकवली तोच गुण त्याच्या विरोधात साक्षीदार झाला. ज्युरीला निकालाला पाचेक तास लागले. २४ ऑगस्ट २०२३, दोन्ही आरोपात दोषी, शपथेवर खोटं बोलणं आणि न्यायाच्या कामात अडथळा आणण्याचा प्रयत्न.

या सगळ्यात जी गोष्ट मला सगळ्यात जास्त खुपते ती अजून सांगितली नाही. २०१८ च्या जूनमधे विधानसभेतल्या एका महिला कर्मचाऱ्यानं मेप्सवर छळाचा जाहीर आरोप केला, आणि मॅडिगननं काही तासांत त्याचा राजीनामा घेतला. तिन्ही पदांचा, एका दिवसात. ती कारवाई बरोबरच होती, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण हिशोब बघा ना भाऊ, ज्या साहेबानं तीन वर्षांपूर्वी दार दाखवलं, ज्याच्याकडून आता ना पगार ना पद ना काही आशा, त्याच्यासाठी हा माणूस माफीचा कागद समोर असताना खोटं बोलतो. मग हे पैशासाठी नव्हतं. भीतीनं होतं का? साहेब तर तोपर्यंत स्वतःच खुर्चीवरून उतरला होता.

मला जे दिसतं ते असं. तो मॅडिगनला वाचवत नव्हताच, मॅडिगनला वाचवणं त्याच्या हातात उरलंच नव्हतं, सगळं टेपवर होतं. तो वाचवत होता स्वतःची ओळख. आयुष्यभर ज्याची एकच किंमत होती की हा पोटातलं ओठावर आणत नाही, त्यानं त्या खोलीत खरं सांगितलं असतं तर घरी जाताना आरशात कोण दिसलं असतं? सरकारी वकिलांनी ज्युरीला सांगितलं की हा बॉसला वाचवायला खोटं बोलला, निकालापुरतं ते बरोबर आहे. पण बॉसपेक्षा स्वतःच्या मनातल्या बॉसच्या माणसाला वाचवायला बोलला असं म्हटलं तर जास्त जवळ जातं. आणि ही गोष्ट कळल्याशिवाय आपल्याकडचे साक्षीदार का उलटतात हे पण नीट कळणार नाही, सगळ्यांना पैसे मिळतात म्हणून उलटतात असं नसतं.

उपयोग काय झाला? मक्लेन आणि कंपनीचे तिघं २ मे २०२३ ला दोषी ठरले, मेप्सच्या खटल्याच्याही आधी. मॅडिगन १२ फेब्रुवारी २०२५ ला दोषी ठरला, मेप्सच्या शिक्षेला बरोबर वर्ष झालं त्या दिवशी. २३ पैकी १० आरोप सिद्ध, ७ मधे सुटला, ६ वर ज्युरीचं एकमत झालं नाही. जूनमधे साडेसात वर्षांची शिक्षा आणि २५ लाख डॉलर दंड. कोणी म्हणेल ७ मधे सुटला ना, मग गप्प बसण्याचा फायदा झालाच की. मला तसं वाटत नाही. जे सिद्ध झालं ते टेपवर आणि दुसऱ्या साक्षीदारांवर झालं, मेप्सनं तोंड उघडलं काय आणि न उघडलं काय, खटला त्याच्यासाठी थांबला नव्हता.

आणि ते दुसरे साक्षीदार कोण होते ते पण ऐका, कारण हे पचायला जड आहे. डॅनी सोलिस, शिकागोचा नगरसेवक, स्वतः भानगडीत सापडलेला, एफबीआयनं पकडल्यावर त्यानं अंगावर रेकॉर्डर लावून मॅडिगनशी बोलणं रेकॉर्ड केलं आणि बदल्यात सरकारशी करार करून घेतला. म्हणजे ज्याचे हात बरबटलेले तो करारावर बाहेर आणि ज्यानं एक पैसा घेतल्याचा आरोप नाही तो ३० महिने आत. अन्याय वाटतो ना? मलाही वाटला. पण तपास यंत्रणेच्या जागी उभं राहून बघितलं तर दुसरा रस्ता दिसत नाही, वरपर्यंत पोचायचं तर खालच्याच कोणाच्या तरी बोलण्यावरून पोचावं लागतं आणि प्रत्येकानं आठवत नाही म्हटलं तर वरचा कधीच सापडणार नाही. शिक्षा मला योग्य वाटते. सरकारी वकील याच्या जवळपास दुप्पट मागत होते, तेवढी दिली असती तर जास्त वाटली असती.

इलिनॉयमधे हे पहिल्यांदा झालेलं नाही. जॉर्ज रायन गव्हर्नर व्हायच्या आधी सेक्रेटरी ऑफ स्टेट होता, तिकडे ड्रायव्हिंग लायसन्स त्याच खात्याकडे असतात, आपल्या आरटीओसारखं. खात्यातली माणसं पैसे घेऊन ट्रक ड्रायव्हरांना लायसन्स देत होती आणि त्यातला पैसा रायनच्या निवडणूक फंडात जात होता. ८ नोव्हेंबर १९९४ ला मिलवॉकीजवळ एका ट्रकचा सुटा झालेला भाग रस्त्यावर पडला, मागून येणाऱ्या व्हॅनची टाकी फुटली, आग लागली आणि एकाच घरातली सहा मुलं गेली. त्या ट्रक ड्रायव्हरचं लायसन्स असंच मिळवलेलं होतं. आता खात्यात भ्रष्टाचार शोधायला एक अधिकारी होता, इन्स्पेक्टर जनरल, तो रायनचा जुना मित्र. त्यानं चौकशी पुढे नेण्याऐवजी दाबली, आणि २००१ मधे तपासात अडथळा आणल्याचा गुन्हा कबूल केला. रायनचा चीफ ऑफ स्टाफ स्कॉट फॉवेल, तो पण आधी तोंड उघडायला तयार नव्हता, साडेसहा वर्षांची शिक्षा घेतली पण साहेबाविरुद्ध बोलणार नाही म्हणाला. शेवटी त्याची होणारी बायको ग्रँड ज्युरीपुढे खोटं बोलल्याबद्दल तुरुंगाच्या दारात उभी राहिली तेव्हा तो साक्षीला आला. रायन २००६ मधे दोषी ठरला, त्यालाही साडेसहा वर्षं. साहेबाशी इमान राखण्याचा हिशोब लावताना लोक साहेब आणि आपण एवढीच दोन नावं धरतात, त्या व्हॅनमधली सहा मुलं त्या हिशोबात कधी येत नाहीत.

आता हेच नागपुरात आणून बघू.

आपल्याकडचा कायदा वेगळा आहे आणि तो वेगळेपणा साक्षीदाराला चुकीचं धाडस देतो. तिकडे फेडरल तपास अधिकाऱ्याशी खोटं बोलणं हाच स्वतंत्र गुन्हा आहे, शपथ नसली तरी, पाच वर्षांपर्यंत. इलिनॉयच्याच गव्हर्नर ब्लागोयेविचच्या २०१० च्या पहिल्या खटल्यात २४ पैकी एकच आरोप सिद्ध झाला होता आणि तो हाच होता, एफबीआयला खोटं सांगितल्याचा. आपल्याकडे पोलिसांसमोरचा जबाब, नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८०, जुनं १६१, त्यावर साक्षीदाराची सही घेतच नाहीत. कायदा म्हणतो खरी उत्तरं द्यायला तो बांधील आहे, पण कोर्टात उभं राहून "असं मी बोललोच नाही, पोलिसांनी मनानं लिहिलं" म्हणायची वाट मोकळी राहते. खोटी माहिती देण्याचं कलम आहे, न्याय संहितेत २४०, पण ते लावलेलं फार कमी दिसतं. कोर्टात शपथेवर खोटं बोललात तर कलम २२९ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण ती कारवाई सुरू करायची तर कोर्टानं स्वतः तक्रार करावी लागते आणि मूळ खटलेच इतके तुंबलेले असतात की कोण मागे लागणार. नागपूर जिल्हा बँकेच्या रोखे घोटाळ्याचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे, गुन्हा २००२ चा आणि जिल्हा कोर्टाचा निकाल २२ डिसेंबर २०२३ ला. वरच्या कोर्टात जे व्हायचं ते होईल, मुद्दा एवढाच की एकवीस वर्षांनी "आठवत नाही" म्हणणारा साक्षीदार खरा कोणता आणि खोटा कोणता हे कोण कसं ओळखणार.

लाचेच्या सापळ्याच्या केसमधे हे कसं होतं ते ज्यांनी कोर्टात बसून पाहिलंय त्यांना माहीत आहे. नोटांना पावडर लावलेली, पंच सोबत, खूण केल्यावर पथक आत, हात सोड्याच्या पाण्यात बुडवले की पाणी गुलाबी होतं, ते पाणी बाटलीत भरून सील करून सह्या होतात. सगळं कागदावर चोख. आणि मग काही वर्षांनी तक्रारदार पिंजऱ्यात उभा राहतो आणि म्हणतो, "नाई साहेब, पैसे मागतले नव्हते, मी हातउसने घेतले होते ते वापस केले." सरकारी वकील फितूर जाहीर करायची परवानगी मागतो, उलटतपासणी होते, साक्षीदार खाली बघून "मले आठवत नाई" एवढंच म्हणत राहतो, आणि बाहेर आल्यावर साहेबाचे लोक त्याला गाडीतून सोडायला तयार असतात. बरेचदा हा साक्षीदार विकला गेलेला नसतो, त्याच ऑफिसात त्याचं पुढचं काम असतं, त्याच गावात राहायचं असतं, नात्यागोत्यातला कोणीतरी "जाऊ दे ना, आपलाच माणूस हाये" म्हणून गेलेला असतो.

पण ही वाट आता पूर्वीइतकी सरळ राहिलेली नाही आणि हे फार लोकांना माहीत नाही. १५ डिसेंबर २०२२ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं नीरज दत्ता प्रकरणात सांगितलं की तक्रारदार मेला, सापडला नाही किंवा फितूर झाला तरी बाकीच्या पुराव्यावरून, परिस्थितीजन्य पुराव्यावरून सुद्धा, लाचेची मागणी सिद्ध करता येते. शिवाय सापळ्याआधी लाचेच्या मागणीची पडताळणी करताना रेकॉर्डर चालू असतो. आवाजाचा नमुना द्यायला मॅजिस्ट्रेट सांगू शकतात हेही सुप्रीम कोर्टानं २०१९ मधे ठरवलं आणि नव्या संहितेत ते आलंच आहे. म्हणजे मेप्सची चूक इथे करणाऱ्याला पण आता टेप भेटू शकते. आणि मॅजिस्ट्रेटसमोर त्याच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खाली शपथेवर जबाब दिला असेल तर नंतर पलटी मारणं म्हणजे दोनपैकी एका ठिकाणी आपण खोटं बोललो हे आपल्याच तोंडानं कबूल करणं.

मेप्सच्या माफीच्या सगळ्यात जवळ जाणारी आपली सोय म्हणजे माफीचा साक्षीदार. फरक मोठा आहे, आपल्याकडे ती मिळायला माणूस आधी गुन्ह्यात थोडा तरी सामील लागतो. पण अट तीच, जे माहीत आहे ते सगळं आणि खरं सांगायचं. काही लपवलं आणि सरकारी वकिलानं तसं प्रमाणपत्र दिलं, तर माफी जाते, मूळ गुन्ह्याचा खटला अंगावर येतो आणि खोट्या साक्षीचा वेगळा. म्हणजे मेप्सला खोट्यापुरतीच शिक्षा झाली, आपल्या माणसाला दोन्हीची होऊ शकते.

आता त्या पीएचा विचार करा ज्याला उद्या सकाळी नोटीस येणार आहे. सगळं आपोआप कसं घडतं ते सांगतो. नोटीस आली की तो पहिला फोन साहेबांना करतो. साहेब म्हणतात काळजी करू नको, आपला वकील आहे. संध्याकाळी धंतोलीत नाहीतर धरमपेठेत कुठल्यातरी ऑफिसात तो वकिलासमोर बसतो, चहा येतो, आणि वकील त्याला काय विचारायला येणार आणि त्यानं काय सांगायचं ते समजावतो. फी कोण देतंय? साहेब. मग तो वकील कोणाचा? या दोघांचं हित ज्या क्षणी वेगळं होतं, म्हणजे पहिल्याच क्षणी, त्या खोलीत त्या पीएच्या बाजूनं कोणीच बसलेलं नसतं. घरी बायको विचारते काय झालं, तर म्हणतो काही नाही, साहेब बघून घेतील.

त्याच्यापुढे रस्ते होते. खरं सांगणं हा एक. ज्या प्रश्नाच्या उत्तरात स्वतःच अडकेल त्यावर गप्प राहायचा हक्क घटनेच्या २०(३) मधे आरोपीला आहे, आणि चौकशीत आरोपी होण्याची शक्यता असलेल्याला पण तो मिळतो हे १९७८ च्या नंदिनी सत्पथी प्रकरणात सुप्रीम कोर्टानं सांगितलं आहे, तर तो दुसरा. खरंच आठवत नसेल तर फाइल बघून, डायरी बघून, तारीख मागून घेऊन सांगतो असं म्हणणं हा तिसरा, आणि प्रामाणिक माणसाचा "आठवत नाही" असाच असतो, तो आठवायला मदत मागतो. मेप्सकडे यातला पहिला आणि तिसरा दोन्ही होते. साहेबाला आधी कळवून मग खरं सांगणं पण लोक करतात, पण ते मी कोणाला सुचवणार नाही, कारण साहेबाला कळवलं की साक्षीदारावर दबाव टाकायचं दार उघडतं आणि मग दोघंही नव्या गुन्ह्यात सापडतात.

शिकवायला पाहिजे ते इथे शिकवायला पाहिजे, खटला उभा राहिल्यावर नाही. मंत्र्याकडे, आमदाराकडे, जिल्हा परिषदेत, मनपात स्टाफ म्हणून रुजू होणाऱ्या पोरांना टिपणी कशी लिहायची ते सांगतात, चौकशीला बोलावलं तर काय करायचं ते कोणी सांगत नाही. मंत्रालयातून उसनवारीवर आलेला पीए असो की साहेबांनी गावातून आणलेला, पगार ज्या तिजोरीतून येतो तिचा मालक साहेब नाही, हे रुजू होतानाच कोणीतरी समोर बसवून सांगितलं पाहिजे, आणि मोठ्या अधिकाऱ्यानं सांगितलं पाहिजे, सर्क्युलर काढून उपयोग नाही.

आणि नोटीस आलीच तर आपला वकील आपणच करावा, साध्यातला का होईना, आपल्या पैशानं. वकालतनाम्यावर सही करायच्या आधी त्याला सरळ विचारावं, माझ्या केसची फी तुम्हाला अजून कोणी देतंय का, आणि साहेबांचा फोन आला तर तुम्ही काय सांगाल. तो अडखळला तर उठून दुसरा वकील शोधावा, जिल्हा कोर्टाच्या आवारात वकील कमी नाहीत.